अतिवृष्टी आणि खाडीतील मासेमारी

नदीमुखे, खाड्या व खाजणे यांत मुसळधार पावसाचा अपधाव (जमिनीवरून वाहून येणारे पाणी) उतरला, की पाण्याची लवणता, गढूळपणा व विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण थोड्याच काळात बदलते. मासे जागा सोडतात आणि मासेमारीची ठिकाणेही बदलतात.

पाण्याचे थर : समुद्राच्या पाण्याची लवणता दर हजारी सुमारे ३५ असते. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड भरते. पुराचे पाणी म्हणूनच वरून वाहते व खारे पाणी पाचरीसारखे तळाने आत शिरते. बादलीने वरचे पाणी काढावे तर ते गोडे लागते आणि त्याच जागी दोन-तीन वाव खाली ते खारट असते. अशा वेळी तळाशी सोडलेला गळ चालतो, वरचा रिकामा येतो. समुद्रशास्त्रज्ञ डॉनल्ड प्रिचर्ड यांनी १९५० च्या दशकात नदीमुखांचे थरबद्ध, अंशतः मिसळलेली व पूर्ण मिसळलेली असे प्रकार मांडले. हे प्रकार कायमचे मानू नयेत, कारण तीच खाडी भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) थरबद्ध राहते आणि उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) घुसळून निघते. पूर मोठा असल्यास पाचर थेट मुखापर्यंत मागे रेटली जाते. गढूळ व निवळ पाण्याची शीव फेस, काटक्या व पालापाचोळ्याच्या लांबलचक रांगेवरून ओळखता येते. तेथे बारीक मासळी गोळा होत असल्याने शिकारी मासेही फिरकतात.

बहुतेक अस्थिमत्स्यांच्या (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या) रक्तातील क्षार समुद्राच्या पाण्यातील क्षारांच्या साधारण एक-तृतीयांश असतात. त्यामुळे लवणता बदलली, की त्यांना शरीरातील क्षारांचा तोल सांभाळावा लागतो. जिताडा, बोय यांसारखे मासे लवणतेतील मोठा फरक सोसतात; इतर बरेच खोल पाण्याकडे सरकतात.

मासळी का वाढते? : पावसानंतर काही जातींची आवक वाढते, याबद्दल फारसा वाद नाही, वाद कारणाबद्दल आहे. एका मतानुसार अपधावाबरोबर येणारी पोषकद्रव्ये उत्पादन वाढवतात. दुसऱ्या मतानुसार पूर केवळ आतली मासळी बाहेर ढकलतो व ती जाळ्यात सहज येते. ऑस्ट्रेलियातील कार्पेंटेरिया आखाताच्या आग्नेय भागात पाऊस व केळी कोळंबीची आवक यांचा संबंध ठळक आहे. त्याच आखाताच्या ईशान्येकडील वेपा परिसरात तो तितका स्पष्ट नाही. आग्नेय भागात खाडीतील कोवळी कोळंबी पुराने समुद्राकडे जाते, हे स्पष्टीकरण दुसऱ्या मताला जवळचे आहे. संशोधक सट्क्लिफ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीचा विसर्ग आणि काही वर्षांनंतरची शेवंडाची आवक यांचा मेळ दाखवला होता. असे दीर्घ कालांतराचे संबंध जपूनच वापरावेत. काही दिवसांतली वाढ मात्र मुख्यतः स्थलांतराची मानणे सयुक्तिक दिसते, कारण तेवढ्यात मासा वाढत नाही.

अपायकारक परिणाम : पूरमैदानातील कुजलेला पाला वाहून आल्यास पाणी काळपट होते व ऑक्सिजन घटून मासे मरतात. पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) असलेली खाजणजमीन कोरडी पडून पुन्हा भिजल्यास गंधकाम्ल तयार होऊन खाडीत उतरते. कालवे (ऑयस्टर) व शिंपले पाणी गाळून अन्न घेत असल्याने मैलापाण्यातील जंतू त्यांच्या शरीरात साठतात. म्हणून अनेक देशांत मोठ्या पावसानंतर त्यांची काढणी ठरावीक काळ बंद ठेवतात. प्रवाहात खुंटांना बांधलेली डोल जाळी वाहून आलेल्या ओंडक्यांनी फाटतात.