अडेनियम नेताय ना? मग थंडी पडायच्या आत हे वाचा

आमच्याकडून अडेनियम नेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत हा कागद टाकतोय. कारण दर जानेवारीत कोणीतरी कुंडी घेऊन येतंच, "भाऊ, झाड सडी गयं!" आम्ही विचारतो पाणी किती देत होता, तर उत्तर ठरलेलं, रोज देत होतो, एक दिवस खाडा नाही. अहो, तिथंच तर घोळ झाला.

हे झाड मुळात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं, नावसुद्धा येमेनच्या एडनवरून आलंय. आपली कण्हेर, चाफा, सदाफुली यांच्याच घराण्यातलं. बुडाशी जो फुगलेला गड्डा दिसतो ना ती त्याची पाण्याची टाकी, त्यामुळे तुम्ही आठ दिवस लग्नाला गेलात तरी बिघडत नाही. लोकांना वाटतं आपल्या उन्हाने मरेल, पण ४४-४५ डिग्रीत ते मजेत असतं आणि फुलतं. त्याला खरा त्रास आपल्या थंडीचा. धुळ्याकडे पारा ७-८ वर येतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि १० च्या खाली गेलं की हे झाड पानं पिवळी करून टाकून देतं आणि झोपी जातं. झोपलेलं झाड पाणी पीत नाही, मग तुम्ही ओतलेलं पाणी कुंडीतच थंडगार राहतं आणि मुळं कुजतात. आमचंही पहिल्या वर्षी हेच झालं बरं का, सकाळी पाइप घेऊन सगळ्या नर्सरीला पाणी मारायची सवय, त्यात कलमी अडेनियमची अख्खी रांग गेली, फेब्रुवारीत उचलून बघितली तर खालून नुसता लगदा.

म्हणून साधा हिशोब ठेवा. थंडीची चाहूल लागून शेतात वांग्याच्या भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या की पाणी कमी करत जायचं, आणि कडाक्याच्या थंडीत, पानं गळली असतील तर, जवळजवळ बंदच. पंधरा-वीस दिवसांनी भर दुपारी घोटभर दिलं तरी पुष्कळ. कुंडी भिंतीलगत दिवसभर ऊन लागेल अशी ठेवा, रात्री ओट्यावर नाहीतर पत्र्याखाली घ्या. झाड नुसता दांडका दिसेल, घाबरून फोन करू नका (करतात लोक), ते जिवंत आहे.

जिवंत आहे का ते बघायचं कसं, तर अंगठ्याने गड्डा दाबा. टणक लागला तर काळजी नाही. सगळीकडून सारखा थोडा दबतोय, हवा कमी झालेल्या चेंडूसारखा, आणि माती कोरडी आहे, तर तहानलाय, ऊन वाढलं की पाणी द्या. पण एकाच बाजूला बोट आत जातंय, तिथली साल काळपट झालीय आणि आंबूस वास येतोय, तर तो सडलाय. लगेच कुंडीतून काढा, धारदार स्वच्छ चाकूने आतला भाग पांढराशुभ्र दिसेपर्यंत कापत जा, मनाला लागलं तरी कापा, तपकिरी ठिपका राहिला की पुन्हा सुरू होतं. कापलेल्या जागेवर बुरशीनाशकाची पावडर लावा, आठ-दहा दिवस सावलीत तसंच कोरडं पडू द्या, मग नव्या मातीत लावा.

मातीचं सांगायचं तर शेतातली काळी माती अजिबात नको. कापसाला ती सोनं आहे, पण कुंडीत पाणी धरून बसते आणि सुकली की दगड होते. आम्ही अर्ध्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा घेतो, त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडा कोळसा. पाणी ओतलं की लगेच खालून बाहेर आलं पाहिजे. कुंडी मातीची, पसरट, भोकं मोठी.

थंडी सरली, फेब्रुवारीच्या शेवटी की छाटणी करा. फुलं नव्या फांदीच्या शेंड्यालाच येतात त्यामुळे जितके शेंडे तितकी फुलं, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास रंग दिसायला लागतो. छाटताना दुधासारखा चीक निघतो तो विषारी आहे, आफ्रिकेत शिकारी बाणाच्या टोकाला लावायचे, म्हणून हातमोजे घाला, डोळे चोळू नका आणि लहान मुलं, शेळ्या लांब ठेवा. कलमी झाड असेल तर जोडाच्या खालून येणारे फुटवे काढत जा, नाहीतर साधंच फूल येईल आणि तुम्ही म्हणाल रंग फसवून दिला.

उन्हाळ्यात गच्चीवर काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर खाली दोन विटा ठेवा, स्लॅब तापून मुळं भाजतात. माती सुकली की भरपूर पाणी द्या, मे महिन्यात छोट्या कुंडीला दोन-तीन दिवसांनी लागतंच. पावसाची झड लागली की मात्र पत्र्याखाली. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर पिठ्या ढेकूण समजा, लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा.

सडलेलं झाड आम्ही बदलून देत नाही, आधीच सांगून ठेवतो. पण उकिरड्यावर टाकायच्या आत एकदा घेऊन या, कापून वाचतं का बघू, त्याचे पैसे घेत नाही.