चिरा आणि खनिज: एका रंगाचे दोन दगड

मागच्या उन्हाळ्यात शेजारचे दादा सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळ पठारावरून, एक दगड उचलून घेऊन आले आणि आमच्या सोप्यावर ठेवून म्हणाले, "बघ, हे लोखंडच. सगळा सडा असाच आहे. आज ना उद्या इथेही खाण येणार." दगड लालभडक, भोकाभोकांचा, वरून चकाकी आल्यासारखा. त्यांच्या बोलण्यात काळजी होती, कारण सड्याच्या पायथ्याशी त्यांची कुळागराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची, जमीन आहे.

मी आत जाऊन दुसरा दगड आणला. पिसुर्ल्याच्या बाजूने येताना रस्त्याकडेला मिळालेला, त्यांच्या दगडाच्या जेमतेम निम्म्या आकाराचा, रंगाने करडा. तो मी त्यांच्या तळहातावर ठेवला तसा त्यांचा हात खाली गेला. मग दोन्ही हातांत दोन दगड धरून ते बराच वेळ उभे होते.

त्यांच्या हातात होता चिरा, म्हणजे जांभा. माझा होता हेमॅटाइट, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'खनिज' म्हणतो ते. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हे दोन दगड जन्मभर असतात. एकाची घराची भिंत, दुसरा टिप्परमधून रस्त्यावर सांडलेला. तरी दोन्ही एकच समजणारी माणसे मला दर महिन्याला भेटतात, आणि त्यात त्यांची चूक फारशी नाही. चूक का होते, ते पुढे येईलच.

ओळखण्याची पहिली परीक्षा वजनाची. चांगला हेमॅटाइट तेवढ्याच पाण्याच्या सुमारे पाचपट जड असतो. चिरा दुपटीच्या जरा पुढेमागे, कारण त्याच्या अंगात पोकळ्याच पुष्कळ. रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. दादांचा दगड माझ्या दगडापेक्षा कितीतरी लाल होता. उत्तम प्रतीचे खनिज अनेकदा पोलादासारखे करडे, निळसर दिसते, त्याच्या भुकटीला खाणीवर 'ब्लू डस्ट' म्हणतात. लाली दिसते ती घासल्यावर. टाइलची मागची खरखरीत बाजू घ्या, तिच्यावर दगड ओढा. हेमॅटाइट लालसर तपकिरी रेघ देतो. रेघ पिवळट तपकिरी आली तर त्यात पाणी धरलेले लोहखनिज, गोएथाइट, जास्त आहे. चिऱ्याची रेघ एकसारखी येत नाही. एखाद्या जागी लाल, बोटभर पुढे पिवळी, मध्येच पांढरी माती सुटते.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडते. दगड फोडा आणि ताज्या अंगाकडे बघा. चिऱ्यात वाळवीच्या वारुळासारखी वेडीवाकडी भुयारे दिसतात, काही रिकामी, काही पिवळ्या-पांढऱ्या मातीने भरलेली. दिशा म्हणून काही नसते. खनिजात बहुतेक वेळा थर असतात, वहीच्या पानांसारखे. काही ठिकाणी हे थर इतके सुटे असतात की बोटांनी उलगडता येतात; तसल्या खनिजाला 'बिस्किटी' म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे.

हे थर आले कुठून, इथे खरा फरक आहे.

गोव्यातले लोहखनिज मुळात समुद्रात जमले. अडीचशे कोटी वर्षांपेक्षाही आधी, जेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता, तेव्हाच्या समुद्रात लोह विरघळून राहत असे. ते तळाशी बसले ते सिलिकासोबत, म्हणजे गारगोटी ज्याची बनते त्या द्रव्यासोबत, आळीपाळीने: एक पट्टी लोहाची, एक सिलिकाची, पुन्हा लोहाची. पुढे हे थर दाबले गेले, तापले, घड्या पडल्या. जो दगड तयार झाला त्याला बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट म्हणतात, खाणीवर नुसते 'बीएचक्यू'. काळ्या-लाल आणि पांढुरक्या पट्ट्यांचा हा दगड इतका कठीण असतो की त्याच्यावर हातोडा उडतो. गोव्यातले हे खडक धारवाड या अतिप्राचीन खडकांच्या समूहातले आहेत, आणि लोहाचे थर त्यातल्या ज्या भागात सापडतात त्याला भूशास्त्रज्ञांनी नावच 'डिचोली फॉर्मेशन' दिले आहे. आपल्या तालुक्याचे नाव अडीचशे कोटी वर्षांच्या खडकाला आहे, ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही याची मला अजून हळहळ वाटते.

चिऱ्याचा जन्म त्या मानाने कालचा, गेल्या काही कोटी वर्षांतला. तो समुद्रात जमला नाही की ज्वालामुखीतून आला नाही. असलेला खडक पावसाने जागच्या जागी कुजवला आणि जे उरले तो चिरा. आपल्याकडचा पाऊस आणि त्यानंतरचे कडक ऊन वर्षानुवर्षे खडकावर काम करतात. पाणी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम घेऊन जाते, सिलिकाही हळूहळू नेते. लोह आणि ॲल्युमिनियम सहज विरघळत नाहीत, म्हणून ते मागे राहतात. लोहाला गंज चढतो आणि सगळे लाल होते. ॲल्युमिनियमच फार साठले तर त्याला बॉक्साइट म्हणायचे. फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटिश वैद्य १८००च्या सुमारास मलबारातून फिरत होता, तेव्हा अंगडीपुरमजवळ त्याने लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिले. पुढे १८०७मध्ये छापलेल्या वर्णनात त्याने 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट.

चूक का होते, ते इथे कळते. पावसाने चिरा घडवला, तसेच खनिजही पावसानेच कसदार केले. कठीण बीएचक्यूमधून मुरणाऱ्या पाण्याने सिलिकाच्या पट्ट्या पोखरून नेल्या आणि लोहाच्या पट्ट्या सुट्या, भुसभुशीत होऊन उरल्या. म्हणूनच गोव्याचे खनिज बरेचसे भुकटीचे, 'फाइन्स'चे; ढेकळे, म्हणजे 'लंप', थोडी. कारागीर एकच, पाऊस. चिऱ्यासाठी त्याला कुठलाही खडक चालला. खनिजासाठी लोहाचे थर आधीपासून तिथे असावे लागले.

आणि हे दोन्ही अनेक ठिकाणी एकमेकांवर बसलेले आहेत. जुन्या खाणीच्या कडेवर उभे राहून समोरची भिंत पाहिली की सगळे एकाच नजरेत येते. सर्वांत वर काही मीटर चिऱ्याची टोपी. तिच्याखाली टणक ढेकळांचे खनिज. मग गुलाबी, जांभळट, पांढरी चिकणमाती, आणि तिच्या जोडीने खोलवर गेलेली करडी-निळी भुकटी. अगदी तळाशी पाऊस पोहोचलाच नाही तो पट्ट्यांचा कठीण खडक. टोपी आणि ढेकळे यांच्यामधली सीमा पुसट असते. लोहाच्या थरांवर तयार झालेल्या चिऱ्यात लोह इतके असू शकते की तोही खनिज म्हणून विकला जातो. कायद्याने ४५ टक्के लोह ही हेमॅटाइटची खालची मर्यादा धरली आहे, त्यामुळे काही दगडांच्या बाबतीत प्रयोगशाळेच्या आकड्याशिवाय निवाडा होत नाही.

दक्षिणेला रिवणच्या बाजूला काळे, हाताला काजळी लावणारे मँगनीजही याच सोबतीला येते, पण ते लाल नसल्याने सहसा कुणी फसत नाही.

वर चिरा दिसला म्हणजे खाली खनिज असेलच, हा समज मात्र पूर्ण चुकीचा. याला सीमेपलीकडचे उदाहरण देतो. रत्नागिरी आणि देवगडचे सडे आपल्या सड्यांसारखेच लाल, पण तिथे लोहाची खाण नाही, कारण त्या चिऱ्याखाली बसाल्ट आहे, दख्खनचा काळा कातळ. तोच कोकण दक्षिणेला उतरत रेडीला येतो, आतल्या बाजूला कळण्याला येतो, आणि तिथे खाणी आहेत. तिथे खालचा खडक बदलतो, धारवाडचा पट्टा सुरू होतो, तो पुढे पेडणे, डिचोली, सत्तरीवरून वायव्य-आग्नेय असा तिरका जात सांग्यापर्यंत पोहोचतो. वरचा चिरा दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण आतले वेगळे.

वापराबद्दल थोडेच सांगतो. चिरा जमिनीत ओला असताना मऊ असतो, पूर्वी तो हातानेच तासून काढत, आता गोल पात्याची यंत्रे कापतात. वारा लागला की त्यातले लोह पाणी सोडून घट्ट होते आणि चिरा टणक बनतो. साखळीजवळच्या हरवळ्याची लेणी याच दगडात कोरली. कुशावतीच्या काठावर पणसाईमळला हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बैल, हरणे आणि एक मोठे चक्रव्यूह चिऱ्याच्या सपाट कातळावर कोरून ठेवले. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या भिंती चिऱ्याच्या आहेत. १९५०च्या दशकात त्यांचा गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून उघड्या, सच्छिद्र दगडात पाऊस मुरतो, म्हणून ती वास्तू झिजते आहे. टणक झालेल्या चिऱ्यालाही अंगावर कपडा लागतोच, हे आपल्या गवंड्यांना ठाऊक होते.

खनिज मात्र इथल्या कुठल्या घराला लागले नाही. ते मांडवी आणि जुवारीतून बार्जने मुरगाव बंदरात आणि तिथून आधी जपानला, पुढे चीनला गेले. कायदाही दोघांना वेगळे मानतो: चिरा गौण खनिज, त्याचे नियम राज्याचे, लोहखनिज मुख्य खनिज. २०१२ साली आणि पुन्हा २०१८च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या त्या लोहाच्या. चिरेखाणी हा वेगळा प्रश्न आहे, आणि दोन्हींची चर्चा एकाच वाक्यात केली की कुणाचेच धड बोलणे होत नाही.

दादांना मी हे सगळे सांगितले नाही. त्यांना पाण्याचे मात्र सांगितले, कारण त्यांची काळजी पाण्याचीच होती.

चिरा पाणी पितो. पावसाचे पाणी त्याच्या भुयारांतून खाली उतरते, चिकणमातीवर अडते आणि कडेने झरा होऊन बाहेर येते. सड्यावरच्या गावांच्या विहिरी आणि पायथ्याची कुळागरे या पाण्यावर जगतात. खनिजाची भुकटीही पाणी धरते, पण ते दुसरे पाणी, चिकणमातीच्या खालचे, दाबाखालचे. चिरेखाण बेसुमार वाढली तर वरची टाकी कापली जाते. लोहखाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप चालवावे लागतात आणि खालचे पाणी दूरवरून ओढले जाते. माझ्या आजोळची विहीर अशीच मार्चमध्ये तळ दाखवू लागली होती. आजी कळशी घेऊन टँकरची वाट बघत उभी असायची. पूर्वी तिथे मे महिन्यातही हात बुडेल इतके पाणी असे.

"मग आमच्या सड्याखाली लोखंड आहे की नाही?" दादांनी विचारले.

"दादा, तुमच्या दगडावरून ते कळणार नाही. ओहोळाने जिथे कडा कापला आहे तिथे बघायला हवे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे गेलो. ओहोळाच्या कड्यात वर चिरा होता, त्याच्याखाली पांढरी-गुलाबी माती, आणि तळाला नखाने खरवडता येईल असा राखी फायलाइट, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा मऊ खडक. पट्ट्यांचा दगड आम्ही पात्रातल्या गोट्यांतही शोधला, एकही मिळाला नाही. चिरा आणि माती जिथे भेटतात त्या रेषेवर करंगळीएवढी धार वाहत होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. दादांनी ओंजळ धरली, पाणी प्यायले आणि मलाही प्यायला सांगितले.