खांदा पुन्हा पुन्हा निखळतोय? हाड किती गेलंय ते मोजून घ्या

कबड्डीत पकड सोडवताना नाहीतर गाडीवरून पडून खांदा उतरतो. कुणीतरी ओढून बसवतो, दोन-तीन आठवडे हात गळ्यात, आणि विषय मिटला असं वाटतं. मग एके रात्री नुसती कूस बदलताना तो परत निसटतो. असे पेशंट आमच्याकडे ‘खांद्याचा सिटी, थ्री-डी’ अशी चिठ्ठी घेऊन येतात आणि काउंटरवर पहिला प्रश्न हाच असतो, ‘एमआरआय झालाय की, आता हे परत कशाला?’ प्रश्न रास्त आहे, खर्चाचा आहे, म्हणून हे पत्रक.

खांद्याची उखळी नावालाच उखळी. खरं तर ती चहाच्या बशीइतकी उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा तिला टेकून फिरतो. बशीच्या कडेला लॅब्रम नावाची मऊ किनार असते. खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूलाच निखळतो. तेव्हा ही किनार सुटते, कधीकधी बशीच्या कडेचा टवकाही तिच्यासोबत उडतो. तिकडे गोळ्याची मागची बाजू त्याच कडेवर आपटते आणि पिकल्या पेरूवर अंगठा दाबावा तसा खळगा पडतो. रिपोर्टमध्ये ‘हिल-सॅक्स’ वाचून घाबरू नका. तो वेगळा आजार नाही, या खळग्याचं नाव आहे. हिल आणि सॅक्स या दोन रेडिऑलॉजिस्टनी १९४० साली त्याचं वर्णन केलं होतं.

किनार आणि स्नायू पाहायला एमआरआय चांगला. हाडाची कड मोजायला मात्र आजही सिटीवरच जास्त भरवसा ठेवतात. साध्या एक्स-रेत सांधा जागेवर आहे का ते कळतं, पण थोडी कड गेली असेल तर ती सहज निसटते.

मोजतो कसं? सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या कापांतून कॉम्प्युटरवर हाड उभं करतो, गोळा चित्रातून काढून टाकतो आणि बशी समोरून दिसेल अशी वळवतो. बशीचा खालचा भाग जवळपास गोल असतो, त्यावर वर्तुळ बसवतो. समजा वर्तुळाचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि पुढच्या कडेला ५ मिलिमीटर जागा रिकामी आहे. म्हणजे २० टक्के हाड गेलं.

हा आकडा ऑपरेशनची दिशा ठरवायला लागतो. पूर्वी २० ते २५ टक्क्यांची सीमा धरत. २०१५ नंतर साडेतेरा टक्क्यांच्या आसपासच सर्जन सावध होतात. हाड थोडं गेलं असेल तर दुर्बिणीतून किनार शिवून भागतं. जास्त गेलं असेल तर नुसती शिवण टिकत नाही. मग खांद्याच्या पुढचं एक छोटं हाड कापून कडेला स्क्रूने बसवतात, त्याला लातार्जे म्हणतात.

गोळ्यावरचा खळगाही हिशोबात येतो. हात वर-मागे नेताना बशी गोळ्याच्या ज्या पट्ट्याला टेकते, तो ‘ट्रॅक’. त्याची रुंदी काढायला वर्तुळाच्या व्यासाच्या ८३ टक्क्यांतून गेलेलं हाड वजा करायचं. वरच्या उदाहरणात २०.७५ वजा ५, म्हणजे १५.७५ मिलिमीटर. खळग्याचं माप, स्नायू चिकटतो तिथपासून खळग्याच्या आतल्या कडेपर्यंतचं, याहून जास्त भरलं तर रिपोर्टमध्ये ‘ऑफ-ट्रॅक’ लिहितो. हात वर करून मागे नेला की असा खळगा कडेत अडकू शकतो.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वजाचा (यात्रेत पेलायच्या उंच काठीचा) सराव करणारी पोरं विचारतात, ‘यंदा काठी पेलता येईल का?’ ते आम्ही सांगू शकत नाही, तुमचे सर्जन सांगतील. आमचं काम आकडा नीट देणं.

पहिल्यांदाच निखळला असेल आणि वय चाळीसच्या पुढे असेल, तर आधी स्नायू फाटलाय का ते बघणं गरजेचं. तिथे सिटीचा आग्रह आम्ही धरत नाही, डॉक्टरांना विचारा. फिट येत असतील तर मात्र जरूर सांगा. फिटमध्ये खांदा मागेही निखळतो आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत तो चुकू शकतो.

हाडाच्या साध्या सिटीला इंजेक्शन लागत नाही, उपाशीही यायचं नाही. टेबलावर पाचेक मिनिटं स्थिर पडावं लागतं. गळ्यातली साखळी आणि दंडातला ताईत काढून ठेवा. सिटीत किरणं असतात, त्यामुळे दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर आत जाण्याआधी सांगा. जुन्या फिल्म, सीडी, एमआरआयचा रिपोर्ट, सगळं घेऊन या. आणि खांदा एकूण किती वेळा निखळला ते घरच्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून आणा, कारण पेशंट तो आकडा नेहमी कमीच सांगतात.