रस्त्याला भोक पाडून मोजलेली नियत

पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या आसपास ‘पी-१’, ‘पी-२’च्या पाट्या आहेत. विषम तारखेला गाडी एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या. चुकलेल्या दुचाक्या उचलून टेम्पोत टाकल्या जातात आणि शेजारीच ‘शासन’ लिहिलेली मोटार चुकीच्या बाजूला निवांत उभी असते. हे पाहिलं की दर वेळी मनात येतं: खुर्ची माणसाला असं करते, की असाच माणूस खुर्चीपर्यंत पोचतो?

न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाचं मोजमाप झालं, तेही पार्किंगच्याच पावत्यांवरून. संयुक्त राष्ट्रांत नेमलेल्या परदेशी अधिकाऱ्यांना राजनैतिक संरक्षण असल्यामुळे त्यांच्याकडून दंड वसूल होत नसे. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी १९९७ ते २००२ या काळातल्या पावत्या तपासल्या. १,५०,००० हून जास्त थकलेल्या होत्या. कुवेतच्या अधिकाऱ्यांच्या नावावर माणशी दोनशेच्या वर. नॉर्वे, स्वीडनच्या नावावर एकही नाही. मग २००२च्या अखेरीस थकबाकीदारांच्या खास नंबरपाट्या काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला आणि नियमभंग सुमारे ९८ टक्क्यांनी घटले.

आपण बहुतेक वेळा यातली दुसरीच गोष्ट, म्हणजे कारवाईनं झालेली घट, लक्षात ठेवतो. मला पहिलीही तितकीच मोलाची वाटते. कुणी काही वाकडं करू शकत नसताना नॉर्वेची माणसं नियमानं गाडी लावत होती. म्हणजे ‘सगळे सारखेच’ हे पारावरचं वाक्य खोटं आहे. सचोटी खरोखर असते आणि मोजताही येते. पण जिथे ती नव्हती, तिथे ती रुजेपर्यंत शहरानं वाट पाहिली नाही.

इंडोनेशियातला प्रयोग याहून बारकाईचा आहे. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी जावा बेटावरची ६०८ गावं निवडली. सरकारी पैशातून गावं स्वतःच रस्ते बांधत होती. कोणत्या गावाची तपासणी नक्की होणार, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं आणि त्या गावांना आधीच कळवलं. एरवी तपासणीची शक्यता जेमतेम ४ टक्के असे. अशी सरमिसळ केली, की दोन गटांत पडलेला फरक तपासणीमुळेच पडला, असं ठामपणे म्हणता येतं. काम झाल्यावर इंजिनिअरांनी रस्त्यांना भोकं पाडून आतली खडी-वाळू मोजली आणि कागदावरच्या खर्चाशी ताडली. तपासणीच्या गावांत गायब झालेल्या पैशाचं प्रमाण शंभर रुपयांमागे सुमारे ८ रुपयांनी कमी निघालं. मात्र त्याच गावांत कामावर नातेवाइकांची भरती वाढली. एक वाट बुजवली, तर स्वार्थानं दुसरी शोधली.

काही गावांत लोकांना हिशेबाच्या सभेला आवर्जून बोलावलं. गर्दी वाढली, मजुरीतली चोरी घटली, मालातली नाही. साहजिक आहे: आपली मजुरी बुडाली हे मजुराला त्याच दिवशी कळतं, खडी किती कमी पडली हे कसं कळणार?

सत्ता आणि सचोटी म्हटलं, की पुण्यात पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव निघतंच. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांना दोषी ठरवून शास्त्रीबुवांनी पुणं सोडलं. त्यांच्यापुढे मान झुकतेच. तरीही रघुनाथराव पेशवे झालेच. त्यांना दूर केलं ते बारभाईंनी, आणि त्या कारभाऱ्यांत प्रत्येकाला स्वतःचं पद, स्वतःचं वजन प्यारं होतं. पुढे त्याच कारभारात रामशास्त्री न्यायासनावर परतले. एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनं आवर घालावा, हे राज्यघटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी अमेरिकेत मांडलं १७८८ मध्ये. इतिहास शिकवताना आपण बारभाईंचा हा धडा फार घाईत उरकतो.

पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत रुजली. पुढे राज्य सरकारनं ती इतर कार्यालयांसाठीही स्वीकारली. रस्त्याच्या फायलीत बघायची ती ‘एमबी’, म्हणजे मोजमाप पुस्तिका. कोणता थर किती जाडीचा टाकला, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

आमच्या गल्लीत सध्या केबलसाठी चर खणलाय. उघड्या कडेला डांबराचा थर स्पष्ट दिसतो. काल शाळेतल्या मुलीची पट्टी घेऊन मी तो तीन ठिकाणी मोजला: ३२, ३५, ३१ मिलिमीटर. चर बुजण्याआधी फोटो काढून ठेवलेत. आता त्या कामाची एमबी मागणार आहे.