पिवळं पुस्तक आणि कोणी न विचारलेली गोळी

"टूरवाल्यांनी पिवळ्या तापाचं इंजेक्शन तेवढं घ्यायला सांगितलंय. बाकी काही लागत नाही."

मामाचा फोन आला तेव्हा त्याला आणि मामीला केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात निघायला दोन महिने होते. मामा ६६ वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. मामी ६१, गुडघे सोडले तर ठणठणीत. मी डॉक्टर नाही, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पण आपल्याकडे भाच्याने जीवशास्त्रातलं काहीही शिकवलं की तो घरचा अर्धा डॉक्टर होतो.

मला खटकलं ते "बाकी काही लागत नाही". लागत नाही म्हणजे कोणाला? विमानतळावरच्या काउंटरला, की मामाच्या शरीराला? या दोघांच्या मागण्या वेगळ्या असतात आणि परदेशी निघालेली बहुतेक माणसं फक्त पहिलीची तयारी करतात.

आधी काउंटरचं बघू. पिवळा ताप, म्हणजे पीतज्वर किंवा यलो फीवर, हा विषाणूचा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात आहे. लागण झालेल्या बऱ्याच जणांना थोडा ताप येऊन जातो. काहींचा आजार मात्र यकृतावर उतरतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो, आणि अशा गंभीर रुग्णांपैकी तीस ते साठ टक्के दगावतात. आजार पसरवतो एडिस इजिप्ती नावाचा डास. हो, तोच, डेंग्यूवाला, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, आपल्या कुंडीखालच्या ताटलीत आणि गच्चीवरच्या जुन्या टायरात अंडी घालणारा. म्हणजे डास आपल्याकडे मुबलक, आणि ज्यांच्या शरीराने हा विषाणू कधी पाहिलेला नाही अशी माणसंही मुबलक. नाही तो फक्त विषाणू. तो आशियात आजवर का रुजला नाही याचं नेमकं कोडं शास्त्रज्ञांना अजून सुटलेलं नाही.

२०१६ साली अंगोलातल्या साथीत तिथे काम करणारे ११ जण आजार घेऊन चीनला परतले. आशियात हा आजार पोहोचल्याची पहिली नोंद ती हीच. साथ पुढे पसरली नाही. पण आपलं सरकार लस घेतल्याच्या दाखल्याबाबत इतकं कडक का, ते यावरून समजावं. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसला, तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. सहाच का? कारण चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. तेवढ्यात काही झालं नाही, तर घरी जायला हरकत नाही. थोडक्यात, हा दाखला मामाला जपतोच, पण काउंटरवर तो मागतात ते मामाच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांसाठी.

केनियाबरोबरच ब्राझीलही या यादीत येतो, हे रिओला निघालेल्यांच्या बऱ्याचदा लक्षात येत नाही. आणखी एक मेख म्हणजे मधला थांबा. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, पण अदिस अबाबाला विमान बदलताना तुम्ही रात्रीपुरते शहरात मुक्कामाला गेलात, तर इथिओपियात राहिलात असं धरलं जातं. विमानतळाच्या आतच थांबलात तर भारताच्या नियमात सूट आहे, तीही आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटली तर. तेव्हा तिकीट काढतानाच मार्ग नीट बघावा.

एके काळी पटकी (कॉलरा) आणि देवी यांचेही दाखले प्रवाशांकडून मागत. पटकीचा मागू नये असं १९७३ मध्ये ठरलं आणि देवीचा रोगच संपला. आज आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत नाव घेऊन मागितलेला दाखला उरलाय तो एवढा एकच.

या लशीच्या जन्मकथेत एक भारतीय पात्र आहे. १९२७ साली आजच्या घानात असिबी नावाच्या एका तरुणाला पीतज्वर झाला. त्याचं रक्त रॉकफेलर फाउंडेशनच्या संशोधकांनी एका माकडाला टोचलं. आफ्रिकेतली माकडं या कामी येत नव्हती, विषाणू टोचूनही ती आजारी पडायची नाहीत. म्हणून भारतातून ऱ्हीसस माकडं मागवली होती, उत्तरेत देवळांभोवती दिसतात ती. भारतातलं माकड दगावलं आणि विषाणू प्रयोगशाळेत हाती आला. आपल्याकडच्या माकडांची या विषाणूशी ओळखच नव्हती, याचा हा पुरावाही झाला. असिबी बरा झाला. त्या पथकातले एड्रियन स्टोक्स मात्र त्याच वर्षी पीतज्वराने गेले. पुढे मॅक्स थायलर यांनी न्यूयॉर्कमध्ये असिबीच्या रक्तातल्या त्याच विषाणूला कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवलं. ८९व्या आणि ११४व्या पिढीच्या दरम्यान कधीतरी तो बदलला आणि माणसाला आजारी न पाडता फक्त ओळख करून देणारा झाला. ही १७डी लस. १९३७ पासून ती वापरात आहे आणि तिच्यासाठी थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं. मामाच्या दंडात जाणार होता तो असिबीचा विषाणूच, निवळलेला.

विषाणू जिवंत आहे, हे इथे महत्त्वाचं. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खालावली आहे त्यांना ही लस देत नाहीत. लहान बाळांनाही नाही. ती अंड्यात वाढवतात, म्हणून अंड्याची गंभीर ॲलर्जी असलेल्यांनाही नाही. त्यावर मामीचा प्रश्न मला निरुत्तर करून गेला: "मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही, मला ॲलर्जी आहे की नाही ते कसं कळणार?" मग आठवलं, नातवाच्या वाढदिवसाचा बेकरीतला केक ती आवडीने खाते. तो अंड्याचा असतो हे तिला मीच सांगितलं, आणि त्याबद्दल अजून बोलणी खातोय.

मामाचा प्रश्न वेगळा होता: वय. लशीतलाच विषाणू शरीरात पसरून यकृत-मूत्रपिंड बिघडण्याचा प्रकार फार दुर्मीळ, लाखात एकाहूनही कमी. पण साठीनंतर पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत तो लाखात एकाच्या आसपास किंवा किंचित वर जातो. एवढ्यासाठी सहल रद्द करावी असं मला वाटत नाही. पण "घ्या टोचून, काही होत नाही" असं कोणी साठीपुढच्या माणसाला सांगू नये. आधी डॉक्टरांशी बोलावं. वैद्यकीय कारणाने सूट देणारं पत्र मिळू शकतं, पण परतल्यावर ते मानायचं की नाही हे आरोग्य अधिकारी ठरवणार. मामाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून होकार दिला.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, ठरावीक दिवशी, नाव नोंदवून. सोबत मूळ पासपोर्ट लागतो. यात सरकारी खाक्या आहेच, पण एक शास्त्रीय कारणही आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, सुकवलेल्या गोळ्याच्या रूपात. द्रावण घालून तो विरघळवला की सहा तासांत संपवायचा, नाहीतर फेकायचा. म्हणून माणसं जमवावी लागतात. आम्ही गेलो तेव्हा बाकावर शेजारी एक जहाजावरचा पोरगा होता आणि एक लायबेरियाला नोकरीवर निघालेला. नर्सबाईंनी कुपी तळहातावर हलकेच गोल फिरवली, अर्धा मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढला आणि मामा "झालं?" म्हणेपर्यंत पुढच्याला हाक मारली. मग दाखल्याचं ते पिवळं पुस्तक. पासपोर्ट नंबर, लशीचा बॅच नंबर, सही, गोल शिक्का. दाखला दहा दिवसांनी लागू होतो, कारण शरीराला तयारीला तेवढा वेळ लागतो. पूर्वी तो दहा वर्षं चालायचा, जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतो. तेव्हा पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवावं. लॅमिनेट करण्याचा मोह टाळावा.

काउंटरचं काम इथे संपलं. शरीराचं बाकी होतं, आणि शरीराला मसाई मारात खरा धोका होता मलेरियाचा. त्याबद्दल कुठल्याच काउंटरवर कोणी अक्षर विचारत नाही.

"मलेरिया? मला दोनदा होऊन गेलाय. सवय आहे," मामा म्हणाला. मुंबईत लहानपण गेलेल्यांची ही ठरलेली फुशारकी. पण मुंबईत मामाला झाला तो बहुधा व्हायवॅक्स प्रकारचा, हुडहुडी भरवून दमवणारा. आफ्रिकेत मुख्यतः फाल्सिपॅरम असतो आणि तो मेंदूपर्यंत जाऊन काही दिवसांत जीव घेऊ शकतो. शिवाय मलेरियाची जी काही अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती तयार होते, ती सतत चावून घेतल्याने टिकते. पस्तीस वर्षं पुण्यात चौथ्या मजल्यावर राहिल्यावर तिचं काही उरत नाही. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचावर, महाबळेश्वरहूनही वर, म्हणून तिथे धोका कमी. माराच्या तंबूत आणि मोम्बासाच्या किनाऱ्यावर मात्र तो आहे. मलेरियाचा ॲनाफेलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, पीतज्वराचा एडिस दिवसा. म्हणजे तिथे दोन्ही पाळ्यांत पहारा हवा. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम.

आणि गोळी. आफ्रिकेतल्या फाल्सिपॅरमवर जुनं क्लोरोक्विन चालत नाही. डॉक्टरांनी दोघांना डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून रोज एक, तिथे रोज एक, आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे रोज एक. मामा चिडला. "पुण्यात आल्यावर कसली गोळी?"

हे समजून घेण्यासारखं आहे. डास चावला की मलेरियाचे परजीवी तासाभरात यकृतात शिरतात आणि आठवडा-दीड आठवडा, कधी त्याहून जास्त, तिथे गुपचूप वाढतात. ताप नाही, काही नाही. मग पेशी फोडून हजारोंनी रक्तात उतरतात, तेव्हा ताप येतो. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः रक्तात उतरलेल्यांना गाठतं, यकृतात दडलेल्यांपर्यंत त्याचा हात फारसा पोहोचत नाही. माराच्या शेवटच्या रात्री डास चावला असेल तर ते परजीवी बाहेर पडतील तेव्हा मामा सदाशिव पेठेत मिसळ खात असेल. त्या वेळी रक्तात गोळी हवी. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही दुसरी गोळी यकृतातच मारा करते, म्हणून ती परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. तिसरं औषध मेफ्लोक्विन. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, पण काहींना त्याने भयानक स्वप्नं पडतात, मन सैरभैर होतं. मानसिक आजार किंवा फिट्सचा इतिहास असेल तर ते नको.

डॉक्सिसायक्लिनच्याही खोड्या आहेत. पेलाभर पाण्यासोबत घ्यायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करतं. उन्हात त्वचा भाजते. आणि कॅल्शियमबरोबर घेतलं तर पोटातच त्याच्याशी जखडून बसतं, रक्तात पुरेसं जात नाही. मामीची गुडघ्यांसाठीची कॅल्शियमची गोळी न्याहारीनंतरची. ती रात्रीवर ढकलली.

सगळ्यांना हेच लागेल असं नाही. अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांना पीतज्वराशी घेणंदेणं नाही. त्यांच्याकडून विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांची नोंद मागतात, आणि लहानपणीचं लशीचं कार्ड आईच्या कपाटातही सापडत नाही. तेव्हा रक्त तपासून घ्या किंवा सरळ पुन्हा टोचून घ्या. क्षयाच्या तपासणीत आपल्याकडे क्षयासाठी टोचतात त्या बीसीजी लशीमुळे त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे रक्ताची इग्रा चाचणी मागून घ्यावी, तिला बीसीजीने फरक पडत नाही. उमराहला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस किमान दहा दिवस आधी लागते. १९८७ च्या हजनंतर मेंदूज्वर यात्रेकरूंबरोबर देशोदेशी गेला होता.

उलट दिशेचा प्रवास मात्र आपण धरतच नाही. न्यू जर्सीत जन्मलेली नातवंडं सुट्टीत आजोळी येतात तेव्हा आई-वडिलांना वाटतं, घरीच तर चाललोय. पण त्या पोरांनी टायफॉइड पाहिलेला नाही, हिपॅटायटिस ए नाही. पर्यटक बाटलीतलं पाणी पितो, ही पोरं मावशीकडच्या पाणीपुरीवर ताव मारतात. अमेरिकेतले टायफॉइडचे बरेच रुग्ण दक्षिण आशियात नातेवाइकांना भेटून आलेले असतात. या दोन लशी त्यांनी येण्याआधी घ्याव्यात. आजीने त्यावर रागावू नये.

औषधांच्या पिशवीचं थोडक्यात. रोजच्या गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, कारण सामानाची बॅग हरवू शकते आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. डॉक्टरांची चिठ्ठी ब्रँडच्या नव्हे, औषधाच्या मूळ नावाने घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आखाती देशांत परवानगीशिवाय नेल्या तर तुरुंगापर्यंत प्रकरण जातं. आणि हे औषधांत बसत नाही, तरी सांगतो: संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंद आहे. लेकीसाठी अनारसे नेणार असाल तर मोजून विचार करा.

मामा-मामी सिंह बघून परतले. मुंबईच्या विमानतळावर पिवळं पुस्तक उघडून बघितलं आणि मिटून परत दिलं, दहा सेकंदांत. अठराव्या दिवशी मामाला ताप भरला. पुण्यात तेव्हा डेंग्यूचा हंगाम होता आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात त्याची डेंग्यूचीच तपासणी लिहिली जात होती. मामीने मध्ये पडून सांगितलं, "केनियाहून आलेत, मलेरियाचंही बघा." गोळी चालू असली तरी ते बघावंच लागतं, आणि एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून थांबायचं नसतं, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने तीनदा बघायचं असतं. तिन्ही निगेटिव्ह निघाले. साधा फ्लू होता. तिसऱ्या रिपोर्टच्या दिवशी मी गेलो, तर मामाच्या उशाशी डॉक्सिसायक्लिनची स्ट्रिप होती आणि मामीने तिच्यामागे बॉलपेनने उरलेल्या तारखा लिहून ठेवल्या होत्या.