पाचारण (ख्रिस्ती श्रद्धेतील)

देवाने माणसाला एखाद्या कामासाठी, जबाबदारीसाठी किंवा जीवनपद्धतीसाठी बोलावणे आणि माणसाने ते बोलावणे ओळखून त्याला होकार देणे, याला मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (म्हणजे चर्चमध्ये) ‘पाचारण’ म्हणतात. एरवी हा शब्द वर्तमानपत्रांत भेटतो. कुठे आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण केले जाते. मराठी बायबलमध्ये हाच शब्द आहे आणि तो चपखल बसतो: कुठेतरी गरज आहे, बोलावणारा कोणी आहे आणि ज्याला बोलावले त्याने उठून जायचे आहे. मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’. मंडळीसाठीचा ‘एक्लेसिया’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. पाचारण आणि मंडळी हे असे एकाच कुळातले शब्द असल्यामुळे एकट्याने ऐकलेले आणि एकट्यानेच ठरवलेले पाचारण ख्रिस्ती परंपरेत अपुरे मानले जाते.

पाचारणाच्या दोन पातळ्या आहेत. पहिली सर्वांसाठी सारखीच: ख्रिस्ताच्या मागे चालणे, शेजाऱ्यावर प्रीती करणे, प्रामाणिक राहणे. दुसरी ज्याची त्याची: शिक्षकी, शेती, शुश्रूषा, संसार, पाळकपण (मंडळीच्या धर्मसेवकाचे काम), संन्यस्त जीवन. इंग्लंडमधील धर्मपंडित विल्यम पर्किन्स (१५५८–१६०२) याने हा भेद स्पष्ट मांडला. तरुण मुले-मुली पाळकांकडे येतात ती बहुधा दुसऱ्या पातळीचा प्रश्न घेऊन. कोणती नोकरी, कोणते गाव, कोणाशी लग्न, हे देवाने सांगावे अशी त्यांची अपेक्षा असते. पहिल्या पातळीचे उत्तर तर आधीच मिळालेले असते, पण तिकडे लक्ष जात नाही. घरात आईशी नीट न बोलणारा मुलगा मिशनरी व्हायचे म्हणतो, तेव्हा जाणता पाळक त्याला आधी घरी पाठवतो.

शास्त्रातील आधारांपैकी शमुवेलाची हकिकत (१ शमुवेल ३) सर्वांत उपयोगी आहे आणि ती सावकाश वाचावी अशी आहे. मंदिरातला दिवा अजून विझलेला नाही, म्हातारा याजक एली याची दृष्टी मंदावली आहे आणि पोरगा आत झोपला आहे. हाक येते. पोरगा धावत एलीकडे जातो, एली म्हणतो मी नाही बोलावले, जा झोप. असे तीनदा होते. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येते की हाक कोणाची आहे आणि पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचे ते तो शिकवतो. हाक शमुवेलाला आली खरी, पण ती ओळखली दुसऱ्याने, तीही तिसऱ्या खेपेला, आणि हा दुसरा स्वतः अगदी निर्दोष माणूस नव्हता. यशया स्वतःहून पुढे होतो, यिर्मया आपण लहान आहोत म्हणून मागे सरतो, मोशे जिभेच्या जडपणाची सबब सांगतो, आमोस तर मेंढरे राखणारा आणि उंबरांची निगा करणारा होता. म्हणजे उत्साह हा पाचारणाचा पुरावा नव्हे आणि संकोच हा नकाराचा पुरावा नव्हे. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये अंत्युखियाची मंडळी उपास करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवते.

हाताच्या कामालाही पाचारणाचा मान आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. निर्गम ३१ मध्ये बसालेल या कारागिराला देव आपल्या आत्म्याने भरतो ते सोने, रुपे, पितळ आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी. पौल तंबू करून पोट भरत असे. सतारीचा भोपळा निवडून तो महिनोन्‌महिने वाळवणाऱ्या मिरजेला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. सांगलीच्या हळदीच्या बाजारात वजन चोख ठेवणे हेही याच अर्थाने पाचारण ठरते. खोट्या तागडीबद्दलचे नीतिसूत्रांमधले वचन व्यापाऱ्यालाच उद्देशून आहे.

मध्ययुगात मात्र पाचारण हा शब्द धर्मगुरू, संन्यासी आणि संन्यासिनी यांच्यापुरता आक्रसला होता. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने बायबलच्या जर्मन भाषांतरात त्यासाठी ‘बेरूफ’ हा व्यवसायवाचक शब्द योजला आणि मोलकरीण, चांभार, दंडाधिकारी यांचे कामही देवाचे बोलावणे आहे असे शिकवले. त्याच शतकात जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने निर्णयाची शिस्त घालून दिली. ती कॅथलिक घरांबाहेरही वापरली जाते आणि पुढे दिलेल्या पद्धतीचा बराच भाग तिच्यावर उभा आहे.

सातारा-सांगली भागात या कल्पनेची दोन ठळक रूपे दिसतात. पहिले मिरजेचे. विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आला. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि १९२८ पर्यंत तो तिथेच काम करीत राहिला. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वानलेसवाडी हे नाव आजही आहे. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या रुग्णालयीन शिक्षणाला याच रुग्णालयाचा आधार मिळाला. पाचारण ऐकायचे तर पाळकाचा झगाच घालावा लागतो, ही समजूत या भागात फारशी रुजली नाही. रात्रपाळीला वॉर्डात उभी राहणारी नर्सही तेवढीच पाचारण झालेली, हे इथल्या मंडळ्यांना डोळ्यांनी दिसत होते.

दुसरे रूप साताऱ्याचे. कवी नारायण वामन टिळक (मृत्यू ९ मे १९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते अनेक वर्षे होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांचीही ख्रिस्तभक्तांची बंधुता त्यांना हवी होती आणि तीही भारतीय भक्तीच्या वळणाची. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. त्यानंतर त्यांना दोन वर्षांपेक्षा कमी काळ मिळाला आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. तरी पाचारण आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी ख्रिस्ती जीवनात इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. वानलेस संस्थेत राहून पाचारण जगले, टिळक संस्थेबाहेर पडून. दोघांपैकी एकालाच नमुना मानण्याचे कारण नाही.

पाचारण ओळखण्याची कामचलाऊ पण कसाला उतरलेली पद्धत अशी. आधी वही करावी. रोज रात्री १५ मिनिटे दिवस आठवायचा, कशाने मन शांत आणि मोकळे झाले, कशाने कोरडे आणि बेचैन झाले, ते दोन-दोन ओळींत लिहायचे. लगेच अर्थ लावायचा नाही. तीन महिन्यांनी वही एका बैठकीत वाचली की परत परत येणारी गोष्ट आपोआप वर येते. ‘प्रभूने मला सांगितले’ असे वहीत लिहू नये, ‘आज असे वाटले’ एवढेच लिहावे. पहिले वाक्य लिहिले की ते खोडायची हिंमत होत नाही.

मग तीन माणसांना सांगावे: आपले दोष माहीत असलेले घरचे एक माणूस, आपले पाळक किंवा फादर, आणि ज्या कामाकडे ओढ आहे ते काम किमान दहा वर्षे केलेली व्यक्ती. तिघेही कौतुकच करीत असतील तर माणसे चुकीची निवडली असे समजावे. लोयोलाच्या दोन कसोट्या इथे लावता येतात. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? आणि मृत्युशय्येवर असताना आपण काय ठरवले असते तर बरे झाले असते असे वाटेल? त्याचा आणखी एक नियम सोन्यासारखा आहे: मन उदास आणि कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये.

यानंतर प्रत्यक्ष कामाची चाचणी. सहा महिने, आठवड्यातून ठरलेले दोन-तीन तास, बिनपगारी. इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर) मंडळीत संडेस्कूल (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) घेणे, मिरजेत परगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रांत मदत करणे, कऱ्हाडला तरुण संघ चालवणे, काहीही चालेल. पण त्या कामाचा कंटाळवाणा भागही करायचा: सतरंज्या उचलणे, हजेरी मांडणे, न आलेल्या मुलाच्या घरी जाणे. पाळक व्हावेसे वाटणाऱ्याला उपदेश करायला फार लवकर उभे करू नये. माईक हातात आला की गुण दिसतो, पाचारण दिसत नाही. सहा महिन्यांनी प्रश्न दोनच. लोकांना काही मिळाले का? आणि कोणी न सांगता तुम्ही पुन्हा गेलात का?

हिशेबही याच प्रार्थनेचा भाग आहे. घरावरचे कर्ज, धाकट्यांचे शिक्षण, वर्षातून एकदा येणाऱ्या उसाच्या बिलावर किती जणांचे चालते, पाळकांच्या होणाऱ्या बदल्या, जोडीदाराची नोकरी, हे सगळे कागदावर मांडून घरच्यांसमोर वाचावे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे येशूनेच सांगितले आहे (लूक १४). जोडीदार मनापासून तयार नसेल तर थांबावे. अशी घरे पुढे मोडतात आणि त्याची किंमत मुले मोजतात.

चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. सर्वांत जास्त चुका सभांमध्ये होतात. तीन दिवसांची पुनरुज्जीवन सभा, शेवटच्या रात्री गीत हळू होते, पुढे या असे आवाहन होते आणि रडत रडत पंधरा-वीस जण पुढे जातात. ते रडणे खोटे नसते. पण त्याच आठवड्यात नोकरीचा राजीनामा देणारा पुढे अडचणीत येतो. चाळीस दिवस थांबावे, खरी हाक तेवढ्याने विझत नाही. दुसरी चूक म्हणजे बायबल कुठेही उघडून बोट ठेवणे, किंवा बायबलमधल्या गिदोनासारखी लोकरीची खूण (लोकर दवाने भिजते की कोरडी राहते) मागणे. गिदोनाला आज्ञा आधीच मिळाली होती, खूण त्याने भीतीपोटी मागितली, हे सोयीने विसरले जाते. तिसरी, आईबापांचा नवस. मूल आजारातून वाचले म्हणून त्याला ‘प्रभूच्या सेवेला’ वाहिलेले असते आणि अठराव्या वर्षी त्याला ते कळते. शमुवेलाची आई हन्ना हिचा नवस हा हन्नाचा होता. शमुवेलाला हाक वेगळी आली, हे अशा पालकांना प्रेमाने पण स्पष्ट सांगावे लागते. चौथी, परीक्षा आणि भरती यांत दोनदा-तीनदा अपयश आल्यावर सेमिनरीकडे (धर्मसेवकांच्या शिक्षणसंस्थेकडे) वळणे. बंद दार ही खूण असू शकते, पण ती एकटी पुरत नाही.

आणि एक चूक मंडळ्यांची. ‘तुला पाचारण आहे ना’ म्हणून संडेस्कूलच्या शिक्षिकेला, ऑर्गन वाजवणाऱ्याला किंवा खेड्यावरच्या प्रचारकाला वर्षानुवर्षे विनामोबदला राबवणे. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे हे वचन लूक १० मध्ये सेवकांबद्दलच आहे. अशी माणसे थकून गप्प होतात आणि मग त्यांची श्रद्धा थंड झाली असे म्हटले जाते. थंड झालेली असते ती मंडळीची माया.

औपचारिक मार्ग परंपरेप्रमाणे वेगळे. उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापना नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०) उमेदवाराची शिफारस स्थानिक मंडळीकडून वर धर्मप्रांताकडे जाते. मुलाखत, सेमिनरीतील शिक्षण आणि प्रत्यक्ष सेवेचा काळ यांनंतर आधी डीकन (पहिल्या पायरीचा सेवक) व मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक) म्हणून दीक्षा मिळते. कॅथलिक धर्मनियमांप्रमाणे धर्मगुरूसाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचे शिक्षण लागते आणि वय २५ पूर्ण हवे. संन्यस्त जीवनात नवदीक्षितकाळ (व्रते घेण्याआधीचा उमेदवारीचा काळ) किमान १२ महिन्यांचा, त्यानंतरची तात्पुरती व्रते सहसा तीन ते सहा वर्षांची आणि कायमची व्रते २१ वर्षांआधी घेता येत नाहीत. एवढा वेळ मुद्दाम ठेवलेला आहे. त्या काळात परत फिरणे हे अपयश नव्हे, आणि परत आलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे गावात ज्या नजरेने पाहिले जाते ती नजर बदलायला हवी.

कॅथलिक दीक्षाविधीच्या सुरुवातीला उमेदवाराचे नाव मोठ्याने पुकारले जाते. तो ‘हा मी’ असे म्हणून पुढे येतो. मग बिशप त्याला नव्हे, तर त्याला घेऊन आलेल्यांना विचारतात की हा योग्य आहे असे तुम्हाला ठाऊक आहे का. ज्यांच्यात तो राहिला त्या लोकांकडे चौकशी केली आहे, असे त्यांना भर मंडळीसमोर सांगावे लागते.