देश सोडलेल्यांच्या मनाचा अभ्यास : तीन शतकांची पार्श्वभूमी

परक्या देशात माणसाचे मन रमत नाही, हे लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. मात्र या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते 1688 मध्ये. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराला ‘नॉस्टॅल्जिया’ म्हटले. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ही संज्ञा घडवली होती. त्याच्या रुग्णांमध्ये बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण होता. तापाने आणि उदासीने तो इतका खंगला होता की त्याची आशाच सोडण्यात आली होती. पण आपल्याला घरी नेणार आहेत हे कानावर पडताच त्याला हुशारी वाटू लागली आणि बर्न गाठण्यापूर्वीच तो सावरला. होफरचे शरीरशास्त्र आज कोणी मानत नाही, तरी आजाराचे कारण रुग्णाच्या भोवतालात शोधण्याची त्याची दृष्टी मला आजही मोलाची वाटते.

ही दृष्टी पुढे बराच काळ हरवली. एकोणिसाव्या शतकात लाखो लोक अटलांटिक ओलांडू लागले, तेव्हा स्थलांतरिताचे मन ही त्याची व्यथा न राहता यजमान देशाची धास्ती बनली. अमेरिकेने 1882 च्या कायद्याने मनोरुग्णांना प्रवेश नाकारला. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर 1892 मध्ये तपासणी केंद्र सुरू झाले. तिथे सामानसुमान घेऊन जिना चढणाऱ्या माणसांवर डॉक्टर नजर ठेवत आणि ज्याच्या बुद्धीबद्दल शंका येई त्याच्या कोटावर खडूने फुली मारत. बोटीच्या लांबच्या प्रवासाने थकलेला, भाषा न समजणारा माणूस गोंधळलेला दिसणारच, ही साधी गोष्ट त्या फुलीत मावत नव्हती.

आकडेवारीवर आधारलेला पहिला महत्त्वाचा अभ्यास 1932 चा. नॉर्वेचे मनोविकारतज्ज्ञ ओर्नुल्व ओडेगार्ड यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांच्या मनोरुग्णालयातील नोंदी तपासल्या आणि त्यांची तुलना मायदेशी राहिलेल्यांशी केली. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास-भ्रमांनी वास्तवाचे भान सुटणाऱ्या गंभीर मनोविकाराचे, प्रमाण स्थलांतरितांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळले. ज्यांच्या मनात आजाराचे बीज आधीपासून असते, तेच अस्वस्थपणे देश सोडतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. थोड्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन मॅल्झबर्ग यांनी दाखवले की स्थलांतरितांमध्ये तरुण आणि प्रौढांचा भरणा असतो, त्यामुळे वय लक्षात घेऊन तुलना केली की फरक बराच कमी होतो. तरीही ‘मुळातच कमकुवत माणसे जातात’ हा समज अनेक दशके टिकला.

कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 मध्ये ‘कल्चर शॉक’ची चर्चा केली. सुरुवातीचे अप्रूप, मग चिडचिड आणि एकटेपणा, मग हळूहळू रुळणे, असा त्यांनी सांगितलेला क्रम आजही परदेशी जाणाऱ्यांना समजावून सांगितला जातो. या मांडणीवर माझा एक आक्षेप आहे. ती मुख्यतः ठरावीक मुदतीसाठी परदेशी गेलेल्या, परतीची वाट मोकळी असलेल्या लोकांच्या अनुभवावर उभी होती. कर्ज काढून आलेल्या मजुराला किंवा जीव वाचवून पळालेल्या निर्वासिताला हा क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही.

ओडेगार्ड यांच्या गृहीतकाची खरी कसोटी लागली ती 2002 मध्ये. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही डच वसाहत 1975 मध्ये स्वतंत्र झाली त्या सुमारास तिथली जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या नेदरलँड्सला गेली होती. डच संशोधक यान-पॉल सेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरिनामची सगळीच लोकसंख्या स्थलांतरित झाली असे धरून हिशेब मांडला, म्हणजे ‘कमकुवत तेवढे आले’ या युक्तिवादाला जागाच उरली नाही. तरीही स्किझोफ्रेनियाचा धोका यजमान देशातील लोकांपेक्षा जास्तच निघाला. पाठोपाठ 2005 मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर हा धोका पहिल्या पिढीत सुमारे 2.7 पट, तर दुसऱ्या पिढीत सुमारे 4.5 पट असल्याचे दिसले. ज्या मुलांनी स्वतः कधी देश सोडलाच नव्हता, त्यांच्यात धोका अधिक असेल, तर कारण केवळ प्रवासात शोधून चालणार नव्हते. सतत बाहेरचा ठरवले जाणे, डावलले जाणे, यांकडे संशोधकांचे लक्ष वळले. दक्षिण लंडनमधील 2001 च्या अभ्यासाने याला दुजोरा दिला होता: ज्या वस्तीत अल्पसंख्याकांची संख्या कमी, तिथे त्यांच्यात हा आजार अधिक.

अर्थात स्थलांतर म्हणजे आजारच, असेही नाही. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परगण्यात मेक्सिकन वंशाच्या सुमारे 3,000 प्रौढांच्या पाहणीत (1998) मेक्सिकोत जन्मलेल्यांचे मानसिक आरोग्य अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा चांगले आढळले. मुक्काम लांबला तशी ही आघाडी मात्र घटत गेली.

निर्वासितांच्या बाबतीत तर कागदपत्रांचा परिणामही मोजला गेला. ऑस्ट्रेलियाने 1999 मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा व्हिसा सुरू केला, ज्याची मुदत संपल्यावर पुन्हा सारे सिद्ध करावे लागे. सिडनीतील मँडियन या इराक-इराणकडील अल्पसंख्याक धार्मिक समाजाच्या निर्वासितांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच समाजातील या माणसांमध्ये, ज्यांच्या हाती तात्पुरता व्हिसा होता किंवा ज्यांना दीर्घकाळ स्थानबद्ध ठेवले होते, त्यांच्यात नैराश्य आणि आघातोत्तर तणाव इतरांहून अधिक होता.